बाजू संपली, कॅसेट उलटा

त्या गुरुवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा तिच्या पडद्यावर खिडक्यांची नुसती दाटी झाली होती. तिला एक टेबल हवं होतं. जुनंच, पण भक्कम, कोपर टेकलं तर कुरकुर न करणारं. एका दुकानाच्या साइटवर लाकूड चांगलं होतं पण खण नव्हता. दुसरीकडे खण होता तर पाय हरणासारखे. तिसरीकडे सगळं जमून आलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'विकले गेले' असं लिहिलेलं होतं. तोवर पहिल्या दुकानात नेमकं काय पाहिलं होतं ते विसरल्यामुळे ती पुन्हा पहिल्या खिडकीत गेली होती. "काय करतेयस?" बाबांनी विचारलं. "टेबल शोधतेय." "मग हे ऐक," ते म्हणाले, जणू टेबल शोधणाऱ्या माणसाने हेच तर ऐकायला हवं होतं, आणि घरी नव्या आलेल्या गीझरचं माहितीपत्रक त्यांनी फोनवर वाचायला घेतलं. यंत्र चालू करण्यापूर्वी टाकी पूर्ण भरल्याची खात्री करावी. यंत्रावर ओले कपडे वाळत घालू नयेत. बाबा प्रत्येक वाक्य पुरतं वाचायचे, शेवटचं अक्षर गिळायचे नाहीत, आणि आकडा आला की क्षणभर थांबायचे. जन्मभर ते पाणीखात्यात मीटर तपासत होते. जिन्याखालच्या अंधारात वाकून ते मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचत आणि बाहेर उजेडात उभा असलेला सोबती तो लिहून घेई. त्याचं लिहून होईतो थांबायचं, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. समोर लिहून घेणारं कुणी असो वा नसो, बाबा आकड्यापाशी थांबत.

"ऐकतेयस ना?"

"हं."

"काय म्हणालो मी?"

"तापमान."

"तापमान मागच्या पानावर गेलं. आपण आता गळतीवर आलोय."

ती हसली. "बाबा, हे तुमचं तुम्हाला मनातल्या मनात वाचता येत नाही का हो?"

"मनात वाचलेलं कुणाला ऐकू जातं?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुझ्या आईने मघाशीच सांगितलंय, गीझर तुम्हाला वाचता येतो तर दुरुस्तही करा. मिळालं का टेबल?" "ढीगभर दुकानं पालथी घातली." "इतकी दारं ठोठावत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम हाक मारायची सोय नाही का कुठे? चौकात उभं राहून ओरडायचं, ज्याच्याकडे असेल त्याने खिडकीतून डोकं काढावं." "असं नसतं हो बाबा." "नसतं कसं? असायला हवं." मग त्यांनी पुन्हा पत्रक उचलल्याचा आवाज आला, आणि तिने पुढची खिडकी उघडली, कारण तिथे एका टेबलाला दोन खण दिसत होते. "ठेवू का?" ती म्हणाली. "ठेव, ठेव. गळती उद्या वाचू."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिना चढताना ते मध्येच पायरीवर टेकले. शेजाऱ्यांना वाटलं, दम लागला असेल, आणि एकजण त्यांना ओलांडून खालीही गेला. गळती तेवढी वाचायची राहिली.

त्यानंतर पुष्कळ दिवस सगळं रीतसर झालं. माणसं आली, गेली. तिने चहाचे कप भरले, उचलले, विसळले. कामावर परत गेली. एका प्रकाशनसंस्थेत ती पुस्तकांच्या शेवटी असते ती शब्दसूची बनवायची. पुस्तक जिथे संपतं तिथून माझी नोकरी सुरू होते, असं ती नवीन ओळखीच्यांना सांगे, आणि ते हसले की विषय बदले. काम खरं तर तिच्या जिवाचं होतं. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून ठरवायचं की हा माणूस उद्या ही गोष्ट कोणत्या शब्दाखाली शोधायला येईल. 'उष्णता' म्हणेल की 'ताप'? 'आई' म्हणेल की 'माता'? आणि तो चुकीच्या दाराशी आलाच, तर त्याला तसाच परत पाठवायचं नाही, हळूच बोट दाखवायचं: तिकडे बघा. त्या दिवसांतही ती सूची करत होती, पुलांच्या बांधकामावरच्या एका जाड पुस्तकाची, आणि तिला स्वतःचं नवल वाटत होतं की आपण इतकं नीट करतोय. रडू यायचं तेही वेळेवर, नळाच्या पाण्यासारखं, सकाळी थोडं नि संध्याकाळी थोडं. आणि मग एका सकाळी ऑफिससमोरच्या चौकात ती रस्ता ओलांडायला उभी होती, सिग्नलच्या खांबातून बाईचा नेहमीचा ध्वनिमुद्रित आवाज आला, "आता थांबा," आणि तिच्या मनात आलं, बाबा असते तर या बाईलाही वाचायला शिकवलं असतं. शेवटचं अक्षर गिळते. बाबा म्हणाले असते, ऐकतेयस ना? आणि तिला ते ऐकू आलं. पण तिच्याच आवाजात. तिने पुन्हा आठवून पाहिलं. ऐकतेयस ना. शब्द तेच, मधला किंचित चढ तोच, पण बोलणारी तीच. तिने गीझरचं पत्रक आठवलं, लहानपणीच्या हाका आठवल्या, 'गळती उद्या वाचू' आठवलं. सगळी वाक्यं जागच्या जागी होती, आणि सगळ्या वाक्यांमधून कुणीतरी आवाज तेवढा काढून नेला होता, वेष्टन तसंच ठेवून आतली वस्तू काढून न्यावी तसा. सिग्नल हिरवा झाला. मागचा माणूस म्हणाला, "बाई, चला की." ती हलली नाही. चेहरा आठवत होता, बोटं आठवत होती, कानावरचा पांढरा केस आठवत होता. या सगळ्यांचे फोटो होते. आवाजाचं काय होतं?

काहीच नव्हतं. फोनवर निरोप ठेवणं बाबांना कधी पटलंच नाही. माणसाशी बोलावं, पेटीशी काय बोलायचं, म्हणायचे. तिने स्वतःचा फोन उलटासुलटा केला. एका चित्रफितीत आईचा वाढदिवस होता आणि त्यात बाबा दिसत होते, केक कापून सगळ्यांना देताना, पण बोलत होती आत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एखाद्या अखंड गिरणीसारखी. बाबांचं तोंड एकदा हललं, आणि नेमक्या त्याच क्षणी आत्या म्हणाली, "मला लहानसा दे." तो क्षण तिने इतक्यांदा ऐकला की आत्याचं ते वाक्य तिला जन्मभर पुरेल. तिने आईला फोन केला. "बाबांचा आवाज आहे का गं तुझ्याकडे कशात?" "चाळीस वर्षं ऐकलाय," आई म्हणाली, "मला कशाला हवाय कशात? झोपेतसुद्धा वाचत असायचे." आणि मग, फोन ठेवता ठेवता, दाराशी गेलेल्या माणसाने छत्री आठवून परत यावं तशी, "ते शनिवारचं काय झालं असेल पण? इतक्या कॅसेटी भरल्या त्यांनी."

शनिवार. तो तिला आठवला नव्हता असं नाही, पण ज्या कपाटात तो होता ते कपाट तिने कधी उघडलंच नव्हतं. दर शनिवारी दुपारी बाबा आंधळ्यांसाठीच्या एका ग्रंथालयात पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला जात. पेटीशी काय बोलायचं म्हणणारा माणूस एका बंद खोलीत बसून वर्षानुवर्षं पेटीशीच बोलत होता. तिथे नाटकात राजाची कामं केलेले एक गृहस्थ होते, त्यांचा आवाज खर्जातला, म्हणून कथाकादंबऱ्या सगळ्या त्यांच्याकडे जात. उरलंसुरलं बाबांच्या वाट्याला येई: बॉयलरची देखभाल, मधमाश्या कशा पाळाव्यात, दातांची निगा, घरच्या घरी साबण. "राजाला कादंबऱ्या, प्रजेला बॉयलर," असं म्हणत ते शनिवारी संध्याकाळी चपला काढायचे. तिला तेव्हा गंमत वाटायची, आणि थोडी लाजही. दुकानात रांगेत उभे असताना ते औषधाच्या बाटलीवरचा मजकूर मोठ्याने वाचत आणि माणसं वळून बघत, त्याच जातीची लाज. ती घरात पुस्तकांमागून पुस्तकं फस्त करायची, जाडजाड, दुःखाने भरलेली, आणि बाबा दाराशी येऊन म्हणायचे, "आज राणीमाशी संपवली." ती म्हणायची, "अरे वा." पान न उलटता म्हणत होती की उलटताना, हे आता आठवत नव्हतं. त्यांच्या एकाही कॅसेटचा एकही शब्द तिने ऐकलेला नव्हता.

ते ग्रंथालय केव्हाच बंद पडलं होतं. इमारतीच्या जागी वाहनतळ झाला होता. कॅसेटींचं काय झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं एका कॉलेजने नेल्या, कुणी म्हणालं वाटून टाकल्या. ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर पानांची मांडणी करणारा मुलगा होता. जेवणानंतर खुर्चीत अर्धा तास डोळे मिटून बसायचा म्हणून सगळे त्याला बोका म्हणत, आणि तोही नाव लावून घ्यायचा. दोन दिवस तिला एका साइटवरून दुसरीवर उड्या मारताना त्याने पाहिलं. एका जुन्या संग्रहाची साइट उघडायची, शोधायचं, नाही. दुसरी उघडायची, तिथे आधी सभासद व्हा म्हणायचे. तिसरीत मजकूर यायचा पण आवाज यायचा नाही. तिसऱ्या दिवशी बोका मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "ताई, तुम्ही घरोघरी जाऊन कांदा मागताय."

"मग काय करू?"

"थांबा." त्याने खुर्ची सरकवली आणि तिच्या पडद्यावर एक पान उघडलं. पांढरं, रिकामं, मधोमध एक चौकट. "आवाजांचे जितके साठे आहेत ना, ग्रंथालयं, कॉलेजं, कुणाकुणाचे हौशी संग्रह, शंभराच्या वर असतील, ही त्या सगळ्यांना एकदम विचारते. तुम्ही एकदा लिहायचं. पुष्कळ ठिकाणी यंत्राने ऐकून मजकूरही उतरवून ठेवलाय, त्यातही घुसते. नावात नसेल तर बोलण्यात सापडेल."

"एकदम सगळ्यांना?"

"एकदम. चौकात उभं राहून हाक मारल्यासारखं."

तिने त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं की तो बिचारा ओशाळला. "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली. पण तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. असायला हवं, म्हणाले होते ना ते. होतंच की. तेव्हाही होतं, त्या गुरुवारीही, कुठल्यातरी कोपऱ्यात हे पांढरं पान उघडं होतं, आणि मी त्यांना असं नसतं म्हणून सांगितलं.

तिने लिहिलं: मधमाश्या. आणि बटण दाबताच त्या पांढऱ्यावर एकेक रंगीत पट्टी उमटायला लागली. प्रत्येक साइटचा रंग निराळा. काही साइटी तत्पर, विचारायच्या आधीच उत्तर द्यावं तशा. काही आळशी, बाकी सगळ्यांचं बोलून झाल्यावर घसा खाकरून सुरुवात करणाऱ्या काकांसारख्या. वरचा आकडा वाढत होता आणि ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. मधमाश्यांवर एका प्राध्यापकाचं व्याख्यान. मुलांचं गाणं. कुणीतरी एका पोळ्याशेजारी यंत्र ठेवून तासभराची नुसती गुणगुण भरून ठेवली होती. तीही तिने थोडी ऐकली, का कोण जाणे. मग तिच्यातली सूची करणारी जागी झाली. असं नाही शोधायचं. माणूस कोणत्या शब्दाखाली ठेवेल याला? तिने 'मधमाश्या' खोडून 'बोलकं पुस्तक' लिहिलं, साल घातलं, त्यानंतरचे सगळे वगळले. पट्ट्या विरळ झाल्या. आता प्रत्येक पट्टीखाली पुस्तकाचं नाव होतं आणि त्याखाली सगळीकडे तेच दोन शब्द: वाचक, अज्ञात. ती एकेक लावून पाहू लागली. बाई. मग एक तरुण, भरभर वाचणारा, मागे ट्रेन लागल्यासारखा. मग एक आवाज असा आला की "राजवाड्याच्या गच्चीवर" एवढ्यावरच तिला हसू फुटलं. हा तर राजा. साक्षात. प्रत्येक स्वल्पविरामाला मुकुट सावरत होता. म्हणजे ती योग्य गावात पोचली होती, फक्त घर सापडायचं होतं. जेवणाची सुट्टी संपून गेली, डबा तसाच राहिला, बोक्याने कानाला लावायचं स्वतःचं यंत्र न बोलता तिच्यापुढे सरकवलं. कित्येक आठवड्यांत तिला पहिल्यांदा सडकून भूक लागली होती, आणि जेवायला वेळ नव्हता. शोकात इतकी मजा येऊ शकते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोणत्या पुस्तकात वाचल्याचंही आठवत नव्हतं, आणि तिने काही कमी वाचलं नव्हतं.

संध्याकाळी 'दातांची निगा' उघडलं आणि एक मध्यम, कोरडा, सरळ पुरुषी आवाज सुरू झाला. हा? ती ऐकत राहिली. असेल. नसेलही. वाक्यं पुरती वाचत होता. पण तसं तर कुणीही वाचेल. ती पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागली, आणि तेव्हा तिला खरी भीती कशाची आहे ते कळलं. कॅसेटी सापडणार नाहीत ही भीती नव्हतीच. बाबा बोलत असतील, अगदी कानाशी, आणि आपण त्यांना ओळखणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी बाबा समजून घरी घेऊन जाऊ आणि उरलेलं आयुष्य त्याच्या आवाजात 'ऐकतेयस ना' आठवत राहू. कुणीही सांगणार नाही की हे ते नव्हेत. एक माणूस सांगू शकत होता. तिने आईला फोन लावला आणि काही न बोलता तो आवाज ऐकवला. आईने दाढेपर्यंतही जाऊ दिलं नाही.

"हा कोण?"

"मला वाटलं, बाबा."

"हे? हे तर सत्काराच्या भाषणाला उभे राहिल्यासारखे बोलतायत. तुझे बाबा असे कधी बोलले का?" आणि मग एकदम हळू, "तुला आठवत नाहीये का गं?"

आई रागावेल असं तिला वाटलं होतं. "होतं असं," आई म्हणाली. "मला माझ्या आईचं हसू आठवत नाही. तू त्या बाईंना का नाही विचारत? तुझ्या बाबांच्या शनिवारच्या बाई. त्याच सगळं बघायच्या ना तिथलं. भेटायला आल्या होत्या की, तू चहा दिलास त्यांना. नंबर आहे माझ्याकडे."

कोणत्या बाई, किती बायका, किती चहा. तिला एक निळी साडी तेवढी आठवली. आणि फोन उचलला गेला तो असा की जणू त्या बाई वर्षानुवर्षं फोनशेजारीच बसून होत्या.

"मीटरवाल्यांची मुलगी का? बोल ना. नाही गं, नाव कुठे असणार? आमच्याकडे वाचणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नव्हती. ऐकणाऱ्याने पुस्तक ऐकावं, माणूस नव्हे, असं आमचे संस्थापक म्हणायचे. मोठे तत्त्वाचे होते. खोकलासुद्धा कापायचे." त्या मनापासून हसल्या. "तुझ्या बाबांनी माझा जीव घेतला होता, माहितेय? प्रत्येक बाजू संपली की काय बोलायचं ते ठरलेलं. 'पहिली बाजू समाप्त.' बास. सगळे तेवढंच म्हणायचे. यांचं आपलं, 'बाजू संपली. कॅसेट उलटा. मी थांबतो.'"

"मी थांबतो?"

"मी थांबतो. मी म्हटलं, अहो, तुम्ही कसे थांबाल? कॅसेट आहे ती. तर म्हणाले, बाई, समोरच्याला दिसत नाही, त्याला चाचपडत कॅसेट काढायची, उलटायची, परत घालायची, वेळ लागणार. आपण घाई करून कसं चालेल? आणि खरंच थांबायचे गं, काचेपलीकडे, हाताची घडी घालून. मी यंत्र बंद करायला उठले की हात करायचे, राहू दे, त्यांचं अजून व्हायचंय. किती टेप फुकट घालवली त्यांनी. संस्थापकांनी कापून टाकायला सांगितलं. मग एक दिवस एक ऐकणारे गृहस्थ आले. वयस्कर होते, एकटे राहायचे. म्हणाले, बाकीचे सगळे वाचणारे बाजू संपली की निघून जातात, हा एक तेवढा थांबतो. मग नाही मी कापलं. तत्त्व गेलं खड्ड्यात."

ती जिन्यात उभी होती, ऑफिसच्या, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत येत होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. "बाई," तिने विचारलं, "बाबा तुमच्याकडे कधीपासून यायला लागले?" "कधी म्हणजे? तू चांगली मोठी झाली होतीस. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, वाचायची सवय आहे का? तर म्हणाले, रोज मुलीला वाचून दाखवायचो, आता तिचं तिला वाचता येतं. आवाज मोकळाच आहे."

तेव्हा ती नऊदहा वर्षांची असेल. ती संध्याकाळ तिला आत्ता, त्या भिंतीच्या ढलप्याकडे बघताना, जशीच्या तशी दिसली. बाबा पलंगाच्या कडेला पुस्तक घेऊन बसले होते आणि तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. "मी मनात वाचते बाबा, जास्त भरभर होतं." किती अभिमानाने म्हणाली होती ती. आणि बाबाही खूश झाले होते, दाराशी जाऊन आईला म्हणाले होते, "अगं, हिला मनात येतं." मग ते थोडा वेळ तिथेच दाराशी उभे राहिले होते. तिला वाटलं होतं, दिवा मालवायला थांबलेत.

ती धावत वर आली. धावतच, या वयात, दोन दोन पायऱ्या. बोका घरी जायची आवराआवर करत होता. ती उभ्याउभ्याच त्या चौकटीवर वाकली आणि लिहिलं, कॅसेट उलटा मी थांबतो, आणि बोका मागून म्हणाला, "अवतरणात घाला ताई, नाहीतर जगातल्या सगळ्या कॅसेटी येतील." तिने अवतरणचिन्हं घातली. बटण दाबलं. पांढरं. पांढरंच. एखादी गोष्ट इतकी पांढरी असू शकते. मग एक हिरवी पट्टी आली. तिच्या खाली दुसरी, निळी. मग एकदम तीन. मग त्या थांबेनातच. बॉयलरची देखभाल आणि दुरुस्ती, जांभळी, एका तंत्रशाळेच्या साठ्यातून. घरगुती साबण, केशरी, कुणा हौशी माणसाच्या संग्रहातून. आकाशातले तारे ओळखा, तपकिरी. आंधळ्यांसाठी तारे, तिच्या मनात आलं, आणि तेही यांच्याच वाट्याला. मधमाश्या कशा पाळाव्यात, मघाच्या गर्दीत हरवलेलं. बुरशीचे प्रकार. घड्याळाची रचना. एका कॅसेटचं नाव कुणीतरी चुकीचं नोंदवलं होतं, तिथे नुसतं 'गळती, भाग दोन' होतं. शंभर ठिकाणी पांगलेले, एकमेकांना न ओळखणारे, कुठल्या कुठल्या खोल्यांतले साठे, आणि सगळ्या खिडक्यांतून एकच माणूस डोकं बाहेर काढून म्हणत होता, मी थांबतो. एक आळशी साइट सगळ्यांत शेवटी उत्तरली. तिच्याकडेही ते होते.

"सापडले?" बोक्याने विचारलं.

"सगळीकडे आहेत," ती म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं, वेळापत्रक सोडून. "मेले ठिकठिकाणी बसलेत."

बोका क्षणभर बावरला, मग तोही हसला. "लावा की मग."

तिने लावलं नाही. चिमटीत धरलेलं फुलपाखरू घरी नेईपर्यंत बोटं उघडायची नसतात, तसं काहीसं. शिवाय दातांच्या माणसाने तिला शहाणं केलं होतं. बस आईच्या घराकडे वळली तेव्हा तिने मांडीवरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला होता आणि बसमधल्या प्रत्येक माणसाला काहीतरी सांगावंसं वाटत होतं. समोरची बाई फोनवर कुणावर तरी करवादत होती, "मी किती वेळ थांबू?" तिला त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. घराचा जिना चढताना, बाबा टेकले होते ती पायरी ती नेहमी ओलांडून पुढे जायची. आज ती त्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून नीट उभी राहिली, आणि मग चढली.

आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. "जेवून आलीस का?" "नाही. आई, ये ना." "तू लाव. मला ऐकू येतं इथून." "अगं, पण..." "मला काय नवीन आहे त्यात?" आई म्हणाली आणि नळ आणखी मोठा सोडला. तिने बाबांच्या खुर्चीवर न बसता समोरच्या खुर्चीवर बसून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. हे टेबल भक्कम होतं, कुरकुरत नव्हतं, आणि त्याला खणही होता. खणात गीझरचं पत्रक असणार. तिने मधमाश्या निवडल्या. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला. "प्रकरण तीन," एक आवाज म्हणाला, आणि आकड्यापाशी थांबला.

कुणाला विचारायची गरजच पडली नाही. तो आवाज बाहेरून आत आला नाही, तो तिच्या आतून वर आला, पोटातून, तळहातांतून, जिथे कुठे तो इतके दिवस दडी मारून बसला होता तिथून. किंचित नाकातला. तिला वाटला होता त्याहून तरुण. "राणीमाशी दिसायला इतर माश्यांहून लांबट असते," बाबा म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी असं वाचलं की जणू राणीमाशी कुणाला दाखवायला तळहातावर धरली आहे. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. एक भांडं अर्धवट घासलेलं कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. आई दारात आली नाही, पण दाराच्या अलीकडे तिची सावली फरशीवर पडली आणि तिथेच राहिली. बाबा वाचत गेले. पोळ्याची जागा उन्हाकडे तोंड करून असावी. पेटी हलवायची तर अगदी थोडी थोडी हलवावी, नाहीतर माश्या जुन्या जागी परत जातात आणि घर सापडत नाही म्हणून तिथेच घोटाळत राहतात. कधी ते अडखळत, मागे जात, तेच वाक्य पुन्हा घेत. मध्ये एकदा त्यांना एका शब्दाचं हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं, आणि दाबलेलं हसूही टेपवर होतं, कापायचं राहून गेलेलं, आणि सावली हलली, कारण आईही हसली होती. तिने एरवी दहा पानं मनात वाचली असती एवढ्या वेळात बाबांची दोन झाली. तिला कसलीच घाई नव्हती. तिने दुसरी खिडकी उघडली नाही. हात मांडीवर ठेवून ती मधमाश्यांविषयी ऐकत होती, आणि तिला मधमाश्यांविषयी सगळं काही जाणून घ्यायचं होतं.

मग त्यांनी एक पान उलटल्याचा आवाज आला, आणि त्यांचा सूर उतरला, वाक्य संपण्यापेक्षा जरा जास्त.

"बाजू संपली," बाबा म्हणाले. "कॅसेट उलटा. मी थांबतो."

आणि ते थांबले. कॅसेटींवरून हे उतरवून घेणाऱ्या त्या कुठल्याशा अनोळखी माणसाने तो रिकामा भाग कापला नव्हता. खरखर चालू होती. पडद्यावरची रेघ सपाट होऊन पुढे सरकत होती. त्या खरखरीत एक खोली होती, तिच्यात एक खुर्ची किंचित वाजली, आणि एक माणूस हाताची घडी घालून श्वास घेत होता, मोजून मापून, काचेपलीकडच्या बाईला हाताने राहू दे म्हणत. त्याला समोरचं कुणी दिसत नव्हतं. तो समोरच्याला वेळ देत होता. तिच्या ओठांवर नेहमीचं 'हं' आलं, इतक्या वर्षांचं, आपोआप. ते तिने गिळलं. सावली दारातून आत आली आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"ऐकतेय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली, शेवटचं अक्षर न गिळता. "वाचा."